फोटो नंबर नऊ

"आईला दिसत नाही, पण तिचा फोन सगळं मराठीत वाचून दाखवतो हो! बोट फिरवलं की बोलतो. फोटोंचंसुद्धा सांगतो," चंद्रहासराव कौतुकानं म्हणाले, आणि सुखदाच्या हातातला चहा बशीत सांडला.

आखाती देशातल्या फहाहीलच्या हॉलमध्ये त्या शुक्रवारी, सुटीच्या सकाळी मराठी मंडळाच्या नव्या वेबसाइटचं उद्घाटन होतं. साइट सुखदानं केली होती. जवळच्या मंगफमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजत, व्हिडिओ बघून बघून शिकून. उद्घाटन अध्यक्ष चंद्रहासरावांच्या आई सीताबाई यांच्या हस्ते. त्या नाशिकहून व्हिजिटवर आल्या होत्या. आणि पहिल्या रांगेत माहीन मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या शाळेला साइट करून हवी होती. नवऱ्याच्या व्हिसावर अकरा वर्षं काढल्यावर सुखदाला पहिल्यांदाच स्वतःचं काम मिळायची चिन्हं होती.

"फोटोंचं काय सांगतो, दादा?" तिनं आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं.

"तुम्ही जे लिहिलं असेल ते!"

तिनं काय लिहिलं होतं ते आठवून तिला एसीत घाम फुटला. फोटो चढवताना 'पर्यायी मजकूर' नावाची एक चौकट यायची आणि ती भरल्याशिवाय फोटो चढतच नव्हता. व्हिडिओवाला म्हणाला होता, हा मजकूर पानावर दिसत नाही. मग सुखदानं त्या चौकटीची वहीच केली: कुठला फोटो ठेवायचा, कुठला कापायचा, कोण कसं दिसतंय. नंतर बघू म्हणत सगळेच फोटो राहिले, शेऱ्यांसकट. मजकूर दिसत नाही हे खरंच होतं. ऐकू येतो, एवढं सांगायचं त्या माणसाकडून राहून गेलं होतं.

ती कोपऱ्यात धावली. पासवर्ड लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप घरी. नवा पासवर्ड मागितला, तर कोड गेला शैलेशच्या नंबरवर, कारण खातं उघडताना नवऱ्याचाच नंबर दिला होता. शैलेश प्लांटवर ड्यूटीला, आणि फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. ड्यूटी सुटणार तीनला. वाजले होते सव्वाअकरा.

"दादा, नेट स्लो वाटतंय. नुसतं पहिलं पान दाखवू या?"

"छे! मी मुद्दाम वेगळा राउटर आणलाय."

तिनं सीताबाईंना गाठलं. "मावशी, दमला असाल. फोटो राहू देत ना."

"अगं, फोटोंसाठीच तर बसलेय. चंदू फोनवर 'मी मजेत, मी मजेत' म्हणतो. कसा आहे ते कळू दे की!"

फोन स्पीकरला जोडला गेला. सीताबाईंनी बोट सरकवलं आणि बातम्या द्याव्यात तशा कोरड्या आवाजात हॉलभर घुमलं, "फोटो एक. अध्यक्ष. पोट फार पुढे. खालून कापणे."

चंद्रहासरावांनी ब्लेझरचं बटण लावायचा प्रयत्न केला. ते लागलं नाही.

"काय रे चंदू? सहा किलो उतरलं म्हणाला होतास ना?"

"फोटो चार. भजी संपल्याचं कळल्यावरची रांग."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"फोटो सहा. ज्ञानदा. हसतेय, पण सँडल चावतायत."

"चावतच होत्या मेल्या!" तिसऱ्या रांगेतून ज्ञानदा ओरडली, आणि हॉल खदखदला.

सुखदा मात्र हसत नव्हती. ती आकडे मोजत होती. नवव्या फोटोत माहीन मॅडम होत्या. स्पीकरची वायर काढायला ती वाकून टेबलाखाली शिरली.

"फोटो आठ. अध्यक्ष. सगळे जेवायला गेलेत, एकटेच खुर्च्या उचलतायत. थकलेले. हा नको."

हसू थांबलं. सीताबाईंचं बोटही थांबलं. "चंदू, इकडे ये रे," त्या हळूच म्हणाल्या, आणि मुलाचा हात चाचपून धरला. टेबलाखालून सुखदाला फक्त दोन जोडी पावलं दिसत होती. तिच्यानं तेव्हा वायर ओढवेना.

मग बोट पुढे सरकलं. सुखदानं डोळे मिटून वायर ओढली. चहाची इलेक्ट्रिक किटली बंद पडली; स्पीकर चालूच.

"फोटो नऊ. माहीन मॅडम. भाषणाचं चाळिसावं मिनिट. मागे तिघं झोपलेत."

टेबलाखालीच राहावं का, असा सुखदा मनापासून विचार करत होती. तेवढ्यात टेबलक्लॉथ वर झाला.

"चाळीस?" माहीन मॅडम खाली वाकून विचारत होत्या. "या अल्ला! मला वाटलं पंधरा झाली असतील."

"सॉरी मॅडम, मी ते..."

"आधी बाहेर या. आमच्या शाळेत दोन पोरांना दिसत नाही. त्यांचे फोन सगळीकडे नुसतं 'इमेज, इमेज' सांगतात. पोरं कंटाळतात बिचारी. रविवारी शाळा उघडली की कामाला लागा. फक्त माझे फोटो आधी मला ऐकवायचे."

तीन वाजता शैलेशचा फोन आला, "अगं, कसला कोड आलाय?" काम मिळालं होतं, पण लाज जात नव्हती. संध्याकाळपर्यंत सुखदानं एकूणएक फोटोचा मजकूर बदलला: 'एक व्यक्ती, हॉलमध्ये.' 'दोन व्यक्ती, हॉलमध्ये.'

शनिवारी सकाळी सीताबाईंचा फोन. "सुखदा, साइट बिघडली का गं?"

"का मावशी?"

"काल सगळी आपली माणसं होती. आज नुसत्या व्यक्ती उभ्या आहेत. आणि खुर्च्या उचलणारा माझा चंदू कुठं गेला?"

सुखदानं लॅपटॉप पुढे ओढला.

"आण त्याला परत," सीताबाई म्हणाल्या. "पोटासकट."