रेषेपलीकडचा हात

आमच्या गल्लीत मासळीवाली आली की साळवी सर घराबाहेर पडतात, पण मासळी घ्यायला नव्हे. तिनं डोक्यावरची पाटी उतरवायला घेतली रे घेतली की बायकांचे हात बांगडे चाचपायला पाटीत शिरतात. सर तेवढ्यात मध्ये घुसतात, आपला लांबलचक हात पाटीच्या कडेला आडवा धरतात आणि ओरडतात, "हात मागे! पाटी अजून खाली टेकलेली नाही!"

"ओ सर, माजी गिऱ्हायकं पळवून लावणार काय तुमी?" मासळीवाली कावते.

पाटी टेकली की सर हात खाली घेतात, "हं, चालू करा" म्हणतात आणि रिकाम्या हातानं घरी जातात.

माणसाचं डोकं फिरलंय असं तुम्हांला वाटेल. फिरलेलं आहेच, पण ते बास्केटबॉलनं फिरवलंय. सर इथल्या एका शाळेत पीटी शिकवायचे आणि जिल्ह्यातल्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहायचे. मी पडलो शेजारी. मला त्यांनी धरून गुण लिहायला टेबलावर बसवलं, त्यामुळे हे वेड मी फार जवळून पाहिलंय.

वेड एका नियमाचं. चेंडू मैदानाबाहेर गेला की एक खेळाडू रेषेबाहेर उभा राहून तो आत टाकतो. त्यासाठी त्याला पाच सेकंद मिळतात. समोर अडवणाऱ्यानं आतल्या बाजूला हवं तेवढं नाचावं, पण चेंडू रेषा ओलांडेपर्यंत त्याचा हात रेषेपलीकडे जाता कामा नये. सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत तर ताकीद दिल्यावर हात गेला की थेट टेक्निकल फाऊल, म्हणजे समोरच्यांना एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांचाच. बाकीचे पंच अशा वेळी बास्केटकडे बघत असतात. सर रेषेकडे बघायचे.

एका अंतिम सामन्यात आपली रत्नागिरीची पोरं एका गुणानं पुढे होती. सामना संपतच आला होता. सरांनी ताकीद दिली आणि लगेच आपल्या उंच पोराचा हात बोटभर बाहेर गेला. शिट्टी! फ्री थ्रोनं बरोबरी झाली, चेंडूही समोरच्या चिपळूणवाल्यांना मिळाला आणि सामना हातचा गेला. बाहेर येऊन बघतो तर कोणीतरी सरांच्या स्कूटरची हवा सोडलेली. चढावर ती ढकलता ढकलता मी वैतागून म्हटलं, "अहो सर, बोटभरच तर होता!"

"बोटभर का होईना," सर धापा टाकत म्हणाले. "बाहेरचा माणूस एकटा असतो हो. त्याचे सगळे आत. हातात चेंडू, समोर हा राक्षस, आणि वेळ चाललेला. निदान ती रेष तरी त्याची नको?"

घरी पोचलो तर सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारातच उभ्या होत्या. वहिनी बोलायला लागल्या की चुलीवरचं दूध हमखास उतू जायचं. "आलात हरवून?" त्या म्हणाल्या. "अहो भावजी, आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आधी कुणी अक्षता टाकल्यान, तर हे अंतरपाटाआडून डोळे वटारत होते! शिट्टी तेवढी खिशात नव्हती म्हणून निभावलं."

या वहिनींना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, हात थोडा सुधारला, पण वाचा गेली. एकच शब्द राहिला, "अहो". तो मात्र स्वच्छ, पूर्वीसारखाच. "अहो" म्हणायच्या आणि पुढचं ओठांपर्यंत येऊन अडायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाई करू नका, त्यांचा शब्द त्यांनाच शोधू द्या.

भेटायला येणाऱ्यांना कुठला धीर! वहिनींनी "अहो" म्हटलं की आम्ही सगळे तुटून पडायचो. पाणी हवं? पंखा लावू? उशी सरकवू? वहिनी शेवटी दमून कशालाही मान हलवायच्या आणि नको असलेलं पाणी प्यायच्या.

ते सरांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून ते खाटेशेजारी खुर्ची टाकून बसले. वहिनींनी तोंड उघडलं की यांचा हात आमच्यासमोर आडवा. "मागे व्हा. तिचं अजून यायचंय." घड्याळ मात्र बघायचे नाहीत. जगातल्या कुठल्याही खेळाडूला या पंचानं एवढा वेळ दिला नव्हता.

माणसं दुखावली. वहिनींची धाकटी बहीण गुहागरहून सोलकढी घेऊन आली होती. तिच्याही तोंडासमोर हात गेला. "मी काय माझ्या ताईशी बोलायचं नाय? तुम्ही शिट्टी घेऊनच बसा!" असं म्हणत ती रडत निघून गेली आणि पुन्हा फिरकली नाही. हळूहळू सगळ्यांचंच येणं थांबलं. मीही जायचो तो बळंच. त्या घरातली शांतता अंगावर यायची. सरांना मात्र एकच हवं होतं, "अहो"च्या पुढचा एक शब्द, तिचा स्वतःचा.

परवा संध्याकाळी मी तिथेच होतो. वहिनी सरांकडे बघून म्हणाल्या, "अहो..." त्यांचे ओठ हलले. यावेळी काहीतरी खरोखरच येत होतं. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताणल्या. मी गप्प होतो, तरी सरांनी माझ्यासमोर हात धरला. आम्ही थांबलो. बरंच थांबलो. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आणि सरांचाच आवाज आला. "जेवलात का? जेवलात का, असंच ना गं?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तीच, दमलेली.

सरांनी हात मांडीवर घेतला. "ते नव्हतं," ते मला म्हणाले. "दुसरंच होतं काहीतरी. येत होतं हो. मीच हात घातला." एवढा मोठा माणूस माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडला.

मी चहा करून आणला तेव्हा सर खिडकीशी फोनवर बोलत होते. गुहागरला.

"तू ये," ते म्हणत होते. "काय हवं ते बोल तिच्याशी, मी अडवणार नाही. मलासुद्धा धीर धरवत नाही गं. रोज एकट्यानं तिच्या तोंडाकडे बघत बसायचं... नाही धरवत."

तिकडून बहीण बोलायला लागली. फोनमधून तिचा चढा, रडवेला आवाज खोलीभर ऐकू येत होता. खाटेवर वहिनींनी कशीबशी मान वळवली आणि त्या आवाजाकडे बघत राहिल्या. ते पाहून सर खाटेपाशी आले आणि त्यांनी फोन वहिनींच्या कानाला लावून धरला.