छत्रीच्या डब्याची वायर

कापूस कोणत्या प्रतीचा आणि त्याचा धागा किती लांब, हे मी डोळे मिटून सांगतो. बावीस वर्षं ग्रेडर आहे, गंमत नाही! हल्ली तर हातातही घेत नाही, गाडीवरचा कापूस खुर्चीत बसूनच ओळखतो. अशा माणसाला टीव्हीच्या डब्याची हातभर वायर आणायला नमुना न्यावा लागेल, असं जगात एकाच व्यक्तीला वाटलं. ती म्हणजे माझी बायको, प्रभावती.

त्या वर्षी कापसाचे भाव असे कोसळले होते की आमच्या भागात बोंडांपेक्षा पाहणी पथकं जास्त दिसत. जो तो कापसावर बोलत होता. अशातच आमची मैत्रेयी, अकोल्याला शेतकी शिकणारी, टीव्हीवरच्या चर्चेसाठी निवडली गेली. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, थेट आणि एकदाच दाखवणार होते. प्रभावतीनं दिग्रसमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला आवतण दिलं. त्यात धुरपताबाईही होती. तिचा कापूस मी नुकताच दुसऱ्या प्रतीत टाकला होता, त्यामुळे ती माझ्याशी बोलत नव्हती, पण मैत्रेयीसाठी येणार होती.

गुरुवारी दुपारी डबा लावून पाहिला, तर मुका. छतावरच्या मोठ्या छत्रीचा हा जुनाट डबा. त्याच्यामागे मी कापसाच्या नमुन्यांच्या पुड्या ठेवतो. त्या पुड्यांत उंदरानं संसार थाटला होता आणि जागा कमी पडली म्हणून डब्याची विजेची वायर तोडली होती.

"अवो, हे तुटकी वायर संग घेऊन जा," प्रभावती म्हणाली. "दुकानदाराले दाखवा."

"मले नको शिकवू. मी पाह्यली ना ते."

बसस्टँडजवळ देवीलालचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तो म्हणाला, "साहेब, जुनी वायर आनली काय? मॅच करून देतो."

"काही गरज नाही. तीन भोकांची दे."

घरी आलो, तर डब्याला दोनच पिना! प्रभावतीनं जुनी वायर पुढे केली. मी ती न घेताच तिच्या बाजूनं निघून गेलो.

"दोन भोकांची," मी देवीलालला ठणकावलं.

"चापट का गोल?"

"चापट."

"साहेब, एकडाव पाहून तर या."

"देवीलाल, बावीस वर्षं झाली मले."

डब्याला गोल लागत होती. तोवर सहा वाजले होते आणि अंगणात सतरंजीवर बायामाणसं येऊन बसली होती. धुरपताबाई माझ्या हातातल्या दोन नव्या वायरींकडे पाहत शेजारणीला म्हणाली, "मायबाई, हे कोनत्या प्रतीच्या असतीन?"

आता मात्र मी जुनी वायर गुपचूप खिशात घातली आणि धावलो. देवीलालनं शटर ओढून घेतलं होतं.

सव्वासहा वाजले होते. पोरगी टीव्हीवर येणार आणि तिच्या आईला माझ्यापायी ती दिसणार नाही! मागच्या बोळातून घराकडे येताना शेजारच्या घनश्यामची आई, रुक्मामावशी, परसात तांदूळ निवडताना दिसली. मी खिशातली वायर दाखवली.

"मावशी, असली वायर हाये काय घरात?"

मावशी आत गेली आणि हुबेहूब तशी वायर घेऊन आली. जुन्या टेपची असेल, असं मला वाटलं. नमुना दाखवल्यावर काम किती झटकन होतं, हा विचार मनात आला, पण मी तो तिथंच दाबला.

घरी आलो, तर अंगण रिकामं, प्रभावतीही नाही. चिडून गेली असतील सगळी. विचार करायला वेळ नव्हता. वायर लावली. डब्याचं तोंड झिजलेलं, त्यामुळे हातानं दाबून धरली तरच चाले. मी टीव्हीच्या मागे भिंतीला गाल लावून उभा राहिलो. दिसत काहीच नव्हतं, पण आवाज आला, आमच्या मैत्रेयीचा!

"काही ग्रेडर कापूस हातातसुद्धा घेत नाहीत," ती सांगत होती. "खुर्चीत बसून प्रत ठरवतात. नमुना पाहा म्हटलं की त्यांना अपमान वाटतो. मी अशाच एका माणसाच्या घरात वाढले आहे."

कान तापले. पण पोरगी एकदाही अडखळली नाही, कुणाला भ्याली नाही. मला भरून आलं. हात दुखत होता तरी शेवटच्या शब्दापर्यंत वायर सोडली नाही.

चर्चा संपली आणि दारात गर्दी झाली. पुढे घनश्याम होता.

"बाबारावभाऊ, सगळे आमच्या घरी टीव्ही पाहाले आलते. अन् डब्याची वायरच गायब! घरभर धुंडली, आत्ता कुठं परसात बुढीले इचारलं, तं म्हने बाबारावनं नेली."

म्हणजे मावशीनं चालू डब्याचीच वायर उपटून दिली होती. सगळी गल्ली पाऊण तास काळ्या पडद्यासमोर बसली होती.

प्रभावतीच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमी तरी पाह्यलं ना? काय बोलली माही पोरगी?"

मागून धुरपताबाईनं कान टवकारले.

"आवाजच नव्हता," मी म्हणालो. "नुसतं चित्र दिसे."

"मंग सांगा ना, ड्रेस कोनता घातलता?"

"पिवळा," मी ठोकून दिलं.

प्रभावती अंगणातल्या दोरीकडे पाहत राहिली. रविवारी मैत्रेयी घरी विसरून गेलेला पिवळा ड्रेस तिथं वाळत होता.