रिकाम्या पिंपांची हरकत

आमच्या सोसायटीत एकही रिकामा डबा धड नाही. फिनेलचा, तेलाचा, रंगाचा, कुठलाही डबा दाराबाहेर दिसला की दुसऱ्या मजल्यावरचे आहेर तात्या टोच्या घेऊन उतरतात आणि त्याच्या बुडाला चार भोकं पाडतात. माझ्या बायकोने झाडांना पाणी घालायला जपून ठेवलेला रंगाचा डबा त्यांनी असाच निकामी केला आणि वर मलाच विचारलं, "हे पुढं कुठं जाणार होतं?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. घंटागाडीवाल्यालाही रोज सकाळी हाच. नाशिक रोडला फ्लॅट घेतला इथवर ठीक होतं, सोसायटीचा सेक्रेटरी झालो ही माझी चूक. तात्यांच्या तक्रारी माझ्याकडे येतात आणि तात्यांबद्दलच्याही माझ्याकडेच. घड्याळातले सेल ओल्या कचऱ्यात टाकले म्हणून त्यांनी बँकेतल्या एका मॅनेजरला जिन्यात अडवून सेल परत हातात ठेवले होते. मॅनेजर तणतणत माझ्या दारात. तात्या मात्र शांतपणे वर जेवायला गेलेले. अशा वेळी मला या माणसाचा भयंकर राग यायचा.

तात्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वीजकेंद्रात स्टोअरकीपर होते. रिटायर होऊन इथे आले ते एकटेच. बायको आधीच गेली होती, एवढंच आम्हाला ठाऊक.

यंदा आमच्यापासून तासाभरावर, माळरानावर नवं वीजकेंद्र येणार असं कळलं आणि जनसुनावणी लागली. तात्यांनी कुठूनसा तो जाडजूड अहवाल मिळवला आणि त्यातलं कचऱ्याचं प्रकरण माझ्या सोफ्यावर बसून मला वाचून दाखवलं. कँटीनमधल्या भाजीच्या देठांचं खत कसं करणार, यावर दोन पानं. राखेच्या विटांवर तीन. जळकं तेल आणि जुन्या बॅटऱ्या परवानेवाल्याला देणार, तेही सविस्तर. आणि रसायनांच्या रिकाम्या पिंपांपुढे एकच शब्द, 'विक्री'.

"देठांना दोन पानं," तात्या म्हणाले, "आन् विषाला एक शब्द."

भोक पाडल्याशिवाय पिंप गेटबाहेर सोडायचं नाही, एवढी एक ओळ त्यांना त्या अहवालात घालून हवी होती. त्या एका ओळीपायी मी रजा टाकली आणि गाडी काढली. वाटभर मी धुसफुसत होतो.

मांडवात पंखे, पाण्याच्या बाटल्या, समोर साहेबांची रांग, कोपऱ्यात हरकती लिहून घेणारा कारकून. कंपनीच्या साहेबांनी पडद्यावर हिरवीगार झाडं दाखवली. मग गावातले एक गृहस्थ उठले. "साहेब, ती निळी पिंपं ऱ्हातात ना मोठी, ती आम्हाला भेटतील का? लय मजबूत हायेत. पाण्याला बरी."

साहेब हसून म्हणाले, गावकऱ्यांनाच प्राधान्य देऊ. मांडवभर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हे लपवत नाही.

तात्या माइककडे गेले. पिंपात आधी काय असतं ते यांना सांगा, म्हणाले. साहेबांनी सांगितलं की काळजी नसावी, पिंपं तीनदा धुऊनच देऊ.

"मी पण धुतलं व्हतं," तात्या म्हणाले. "सोड्यानं, काथ्यानं. तीनदाच."

मग ते सांगत गेले. त्यांच्या जुन्या वीजकेंद्रात रिकाम्या पिंपांसाठी कामगारांचे नंबर लागायचे. पिंप मिळणं म्हणजे मोठी मिजास. नंबरांची यादी तात्यांच्या हातची आणि पहिलं नाव तात्यांचं. क्वार्टरला पाणी एक दिवसाआड यायचं, ते त्या पिंपात साठायचं. तात्या दिवसभर ड्यूटीवर, तिथलंच पाणी प्यायचे. बायको घरी. पुढे तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. "डॉक्टर नक्की काय बोलले नाय," तात्या म्हणाले. "मला ते कळायला डॉक्टर लागत नाय."

सुनावणीच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, नोंद घेतली म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी या माणसावर डब्यांसाठी चिडत होतो आणि चिडायला हवं होतं ते हे असं समोर बसलेलं होतं. मी जागेवरून ओरडलो की ओळ शब्दशः लिहून घेतल्याशिवाय आम्ही हलणार नाही. पिंपं मागणारे ते गृहस्थही उठून आमच्याशेजारी उभे राहिले.

कारकुनाने ओळ लिहिली. हरकतदाराचं नाव विचारलं.

"यमुना देवराम आहेर."

बाईंना सहीला पाठवा, म्हणाला. ती नाही आता, तात्यांनी सांगितलं, सही मी करतो, नाव तिचंच लिहा. कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे पाहिलं आणि निमूट लिहिलं.

तात्यांनी चष्मा लावला, वाकून कागद वाचला आणि नावाच्या सुरुवातीवर बोट ठेवलं.

"तेवढं 'कै.' खोडा," ते म्हणाले. "हरकत आजची हाय."