शेषेरावांची हलकी नाव

नाव पाण्यात सोडली, शेषेराव तिच्यावरच्या सोफ्यावर जाऊन टेकले आणि फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं.

"तुमी एकटे बसलात तर ही गत," काठावरून त्यांची बायको सिंधु म्हणाली. "नवरा-नवरी बसल्यावर काय पाणबुडी करणार का?"

चाकूरच्या रस्त्यावर शेषेरावांचं 'सिंधु लॉन्स' नावाचं मंगल कार्यालय होतं आणि त्याला लागूनच त्यांचं शेततळं. आठवडाभरावर त्यांच्या एकुलत्या एका पोरीचं, करिश्माचं लग्न आलं होतं. आजवर परक्यांच्या पोरी त्यांच्या लॉनवर क्रेनमधून उतरल्या होत्या, धुरातून प्रकटल्या होत्या, एक तर थर्माकोलच्या कमळातून बाहेर आली होती. आपली पोरगी नावेतून येणार हे शेषेरावांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. निळे प्लास्टिकचे ड्रम एकमेकांना बांधून त्यांवर फळ्या ठोकल्या, फळ्यांवर लाल मखमलीचा सोफा ठेवला आणि सोफ्यामागे फुलांसाठी लोखंडी कमान उभी केली.

शिवाय इवाई, म्हणजे करिश्माचे होणारे सासरे, होते उदगीरचे मडिवाळप्पा. माणूस मनानं चांगला, पण लग्नात नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कुठल्याशा लग्नात मठ्ठा आंबट निघाला होता, त्याची कथा ते अजून सांगत. त्या लग्नातल्या जोडप्याची पोरं आता कॉलेजात जात होती.

"सोफा काढून टाका की," सिंधु म्हणाली. "उभ्यानं येतील."

"नवरी उभी आन् पाव्हणे बसलेले? इवाई काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी लातूरहून सजावटवाले जलीलभाई फुगे आणि गॅसचं सिलिंडर घेऊन आले. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी गंमत म्हणून रिकाम्या कागदी कपाला दोन फुगे बांधून सोडले. कप हलला, उठला आणि सरळ मांडवाच्या छताला जाऊन टेकला. शेषेराव मान वर करून बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिले.

"जलीलभाई, ह्यात कोणता गॅस हाय?"

"हेलियम. हवेपेक्षा हलका. पेट घेत न्हाई, शादीब्याहच्या कामाला एकदम बिनघोर."

"आन् माझ्या ड्रमांत काय हाय?"

"काय असनार? रिकामेच असतील."

"रिकामे कसे? हवा हाय त्यात. म्हंजे मी उगंच नावेवर हवेचं ओझं लादून राहिलो."

जलीलभाईंनी दाढी खाजवली. फुग्यांच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, पण नावेबद्दल त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. आणि जिथे आपल्याला नक्की माहीत नाही, तिथे गिऱ्हाइकाला हो म्हणायची त्यांना सवय होती.

"बात तर बरोबर हाय तुमची," ते म्हणाले.

सिंधुला कळू न देता दोघे कामाला लागले. गॅस वरून सोडायचा तर आतली हवा बाहेर जायला वाट हवी. गॅस हलका, तो वर राहणार, तेव्हा हवा खालून काढणं आलं. म्हणून प्रत्येक ड्रमाला वर नळीसाठी आणि बुडाला हवेसाठी एकेक भोक पाडलं. गॅस भरून झाला की दोन्ही भोकांवर सायकलच्या ट्यूबचं थिगळ सोल्युशन लावून चिकटवायचं. काम मोठं शिस्तीत चाललं होतं. मधेच नळीतून गॅस येतोय की नाही अशी शंका आली, म्हणून शेषेरावांनी नळी तोंडात धरून ओढून पाहिली. नेमका तेव्हाच फोन वाजला.

"मडिवाळप्पा बोलतो. वऱ्हाड किती वाजता निघावं म्हन्ता?"

"सकाळच्या थंडाव्यातच निघा," शेषेराव म्हणाले आणि स्वतःच दचकले. गॅसमुळे आवाज चिमणीसारखा बारीक निघाला होता.

"कोन, बाळा? घरात मोठं मानूस हाय का कुनी?"

"मीच बोलून राहिलो. शेषेराव."

"असं मोठ्यांचं नाव घेऊ नये, बाळा. आजोबाला दे फोन."

शेषेरावांनी फोन बंद केला. जलीलभाई तोंडावर रुमाल दाबून सिलिंडरच्या मागे गेले होते.

संध्याकाळी चाचणी झाली. सिंधुनं नावेवर पाय ठेवायला साफ नकार दिला, म्हणून सोफ्यावर जलीलभाई बसले. पाणी फळ्यांपर्यंत आलंही नाही.

"बघा, पडला का न्हाई फरक?" शेषेराव म्हणाले.

फरक पडलाच होता. जलीलभाई अंगानं वाळल्या काडीसारखे होते आणि शेषेराव त्यांच्या अडीचपट. ते जलीलभाईंच्या लक्षात आलं होतं, पण यजमानाला लठ्ठ म्हणणं त्यांच्या तहजिबीत बसत नव्हतं.

लग्नाचा दिवस मे महिन्यातला आणि मुहूर्त भर दुपारचा. मांडवातले कूलर गरम वाफ फेकत होते. वऱ्हाडी निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत बसले होते, आणि पुढच्या रांगेत मडिवाळप्पा घाम पुसत सगळीकडे बारीक नजर फिरवत होते. एवढ्यात बँड वाजला आणि पलीकडच्या काठावरून नाव निघाली. करिश्मा शालूत, शेजारी फेटा बांधलेला वैजनाथ. तो किनवटला वनखात्यात होता आणि झाडांमध्ये राहून की काय, फार कमी बोलायचा. अलीकडून दोन वाढपी दोर ओढत होते. लोक मोबाइल उंचावून उभे राहिले. मडिवाळप्पासुद्धा "वा" म्हणाले. ते शेषेरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

नाव तळ्याच्या मधोमध आली, तेव्हा पाण्यातून बुडबुडे येऊ लागले. लोकांना ती सजावटच वाटली. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. मग नावेचा एक कोपरा कलला, सोफा घसरला, नवरा-नवरी घाईनं उभी राहिली आणि सोफा पाण्यात पडून तरंगत एकटाच काठाकडे निघाला. वाढप्यांनी घाबरून दोर जोरात ओढला, त्यासरशी दोराची कडी निखळून हातात आली. बँड थांबला.

"पप्पा, ड्रम फुटलेत का?" करिश्मानं विचारलं. ती लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता.

"फुटतील कसे? उलट त्यात हेलियम भरलाय. नाव हलकी व्हावी म्हणून."

करिश्मानं क्षणभर डोळे मिटून हिशेब केला. "पप्पा, सगळ्या ड्रमांचा मिळून फार तर अर्ध्या किलोचा फरक पडला असंल."

"अर्धा किलो काय कमी हाय?"

"माझा शालू त्याच्याहून जड हाय. आन् गॅस भरला कसा?"

"बुडाला भोकं पाडून," शेषेराव म्हणाले. "वर ट्यूबची थिगळं चिकटवली होती की."

करिश्मानं पदरात तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदा हलू लागले. आपली पोरगी ऐन लग्नात रडतेय असं वाटून शेषेराव तसेच काठावरून धावले. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला, वर शेवाळ. दुसऱ्याच पावलाला ते बसले आणि बसल्या बसल्या थेट पाण्यात गेले. उन्हाळ्यामुळे पाणी छातीएवढंच होतं. चालत नावेपाशी पोचले तेव्हा कळलं, पोरगी हसत होती. शेजारी वैजनाथही हसत होता. दोघं घोटाभर पाण्यात उभी होती, कारण नाव आता बुडायची थांबली होती. तिच्या फळ्या लाकडाच्या होत्या, त्यांना गॅसशी देणंघेणं नव्हतं.

"उतरून चालत जाऊ," वैजनाथ म्हणाला.

"मुहूर्त आलाय," करिश्मा म्हणाली. "हार हातातच हायेत. इथंच होऊ द्या."

स्टेजवरच्या गुरुजींनाही मुहूर्त चुकवायचा नव्हता. त्यांनी माइक हातात घेतला. काठावरून अक्षता पडू लागल्या, आणि शेषेरावांनी हौसेनं सोडलेले मासे त्या खायला वर येऊ लागले. 'सावधान' हा शब्द सगळं होऊन गेल्यावर ऐकण्याची शेषेरावांची ही पहिलीच वेळ. छातीएवढ्या पाण्यात हात जोडून ते पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना बघत होते. बँड पुन्हा सुरू झाला.

आणि तेव्हा मडिवाळप्पा खुर्चीतून उठले.

आता हे सात पिढ्या ऐकावं लागणार, हे शेषेरावांनी ओळखलं. मडिवाळप्पा काठाशी आले, ओणवे झाले, बोट उगारलं. "शेषेराव, आमच्या घरान्यात असं आजवर," एवढं बोलले आणि कागदावरून पाय सटकला. त्यांना धरायला भाऊ धावला, तोही गेला. भावाला धरायला जावई, जावयाला धरायला मामा. घटकाभरात वरपक्षाची मानाची सगळी माणसं फेट्यांसकट पाण्यात होती.

शेषेराव पाण्यातून वाट काढत इवायांपाशी आले.

"माफी करा, इवाई. दोर टाकतो, वर चला. कोरडे कपडे देतो."

मडिवाळप्पांनी पाण्यातच बसकण मारून डोळे मिटले होते. पाणी त्यांच्या गळ्याशी हलकं हलकं हलत होतं.

"गडबड काय हाय?" ते म्हणाले. "पहाटेपासून आंग भाजून राहिलं होतं. आत्ता कुठं जिवात जीव आला बघा."

हे ऐकून काठावरच्या बाकी लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी चपला काढल्या, कोणी मोबाइल बायकोकडे दिला. थोड्या वेळानं मांडवात फक्त खुर्च्या आणि कूलर उरले. पंगत मांडली होती, पण ताटावर यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी सिंधु जिलेबीची परात घेऊन काठावर आली आणि जलीलभाई दोराला बांधलेल्या टोपलीतून एकेकाला जिलेबी पोचवू लागले.

"इहीनबाई," मडिवाळप्पांनी पाण्यातून हाक दिली, "मठ्ठा हाय का?"

"हाय की."

"मग तोबी इकडंच पाठवा. आन् शेषेराव, धाकट्या पोराचं लग्न पुढच्या मेमधी इथंच. नावेची खटपट करू नका. तळं तेवढं भरून ठेवा."

सिंधुनं परात जलीलभाईंच्या हातात दिली, पदर खोचला आणि दोर धरून सावकाश पाण्यात उतरली.