सातशे वीस ग्रॅम जास्त

वेग ही राष्ट्राची गरज असते. पोचायचं कुठे, हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे.

आमच्याकडे हे एकदा पक्कं ठरलं आणि पुढचं सगळं सोपं झालं. सरकारनं तिजोरी उघडली, रोटमुंट मोटर कारखान्यानं पिशवी उघडली, आणि चंदेरी शर्यतीच्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. लोकांनी तोंडं उघडली. (तोंड फक्त जयजयकारासाठी उघडायचं, हा नियम तेव्हा नवा होता, पण लोक लवकर शिकले.) इटालियन गाड्या लाल, फ्रेंच निळ्या, इंग्रजांच्या हिरव्या. आमच्या चंदेरी, म्हणजे बिनरंगाच्या. कारण रंगाला वजन असतं.

आणि वजनाचं असं होतं. आंतरराष्ट्रीय नियम सांगायचा की गाडी साडेसातशे किलोच्या वर नको. त्यात पाच गोष्टी धरायच्या नाहीत: इंधन, तेल, पाणी, टायर आणि ड्रायव्हर. नियम करणाऱ्यांना वाटलं, गाडी हलकी म्हणजे इंजिन लहान, इंजिन लहान म्हणजे वेग कमी, वेग कमी म्हणजे माणसं कमी मरतील. भाबडी माणसं. आमच्या इंजिनिअरांनी नियम नीट वाचला, इंजिन होतं त्याहून मोठं केलं आणि उरलेली गाडी काढून टाकली.

काढून टाकायला वजन विभाग होता. अकरा माणसं. (अकरा जणांचं एकूण वजन आठशे चाळीस किलो, म्हणजे विभाग स्वतः शर्यतीला अपात्र.) त्यातला तिसरा कारकून वेंडेलिन त्सोर्न. वय एकोणतीस, अक्षर मोत्यासारखं, छातीत धडधड. गाडीचे चार हजार तीनशे अठरा सुटे भाग त्याच्या वहीत ग्रॅमसकट होते. कोणताही भाग काढायचा तर कागदावर त्याची सही लागायची. सही नाही तर गाडी काट्यावर चढणार नाही. कारखान्यात एवढी सत्ता फार कमी लोकांकडे होती, आणि वेंडेलिननं ती आजवर एकदाही वापरली नव्हती, इतका तो चांगला कर्मचारी होता.

वजन कमी करायचा राजमार्ग म्हणजे भोक. पेडलला भोकं, गिअरच्या दांड्याला भोकं, सीटच्या पत्र्याला भोकं. पहिल्या वर्षी गाडीत सहाशे भोकं होती, तिसऱ्या वर्षी दोन हजार एकशे चाळीस. सर्वाधिक भोकं पाडणाऱ्याला दर महिन्याला मानपत्र मिळायचं. एकानं उत्साहाच्या भरात तेलाच्या टाकीलाच भोक पाडलं. त्याला शिक्षा झाली नाही, कारण टाकीचं वजन खरंच कमी झालं होतं.

सगळं कसं छान चाललं होतं. गाडी सातशे एकोणपन्नास किलो सहाशे ग्रॅमवर आली. शर्यतीला चार दिवस उरले. तेव्हा बर्लिनहून खोकं आलं.

खोक्यात पितळेची पाटी होती. वर पंख पसरलेला गरुड, खाली अक्षरं: "इथे जर्मन इच्छाशक्ती धावते." सोबतच्या हुकुमात लिहिलं होतं की पाटी ड्रायव्हरच्या समोर, गाडीला पक्की बसवावी. वेंडेलिननं ती काट्यावर ठेवली. एक किलो एकशे वीस ग्रॅम.

त्यानं बेरीज केली. मग दुसऱ्या पेन्सिलीनं परत केली. सातशे वीस ग्रॅम जास्त.

संध्याकाळी तो बहिणीकडे जेवायला गेला. बहीण रोझविटा. तिचा नवरा फाल्को रीडिंगर हाच त्या गाडीचा ड्रायव्हर. फाल्कोनं बटाट्याच्या सॅलडचं भांडं स्वतःकडे ओढलं.

"घाल गं, अजून घाल. तुझ्या भावाच्या वहीत मी नाहीच. हवा तेवढा फुगलो तरी नियमात बसतो."

"दाजी, चेष्टा नका करू," वेंडेलिन म्हणाला.

"चेष्टा कसली मेव्हण्या? इंधन, तेल, पाणी, टायर आणि मी. आमची पाच जणांची जातच वेगळी. संपलो की नवीन भरतात."

रोझविटानं त्याच्या हातावर डाव मारला. "दिवेलागणीला असलं काहीतरी बोलू नकोस. आणि वेंडेल, तू आहेस ना तिथं? तुझ्या डोळ्यांदेखत त्या गाडीतून नको ते काही काढू देऊ नकोस हं."

"नाही देणार," वेंडेलिन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. मुख्य इंजिनिअर डॉक्टर ह्युल्समान अध्यक्ष. शेजारी क्नोपसाहेब. क्नोपसाहेब हे पक्षाचे कारखान्यातले प्रतिनिधी. त्यांना इंजिनातलं काही कळत नसे, त्यामुळे त्यांचं मत नेहमी निःपक्षपाती असे.

सुरुवातीला ओतकाम खात्यातला एक जण म्हणाला, "पाटीलाच चार भोकं पाडू की."

"गरुडाला?" क्नोपसाहेबांनी विचारलं.

त्या माणसाची दुपारी बदली झाली. कुठे, ते त्याच्या बायकोलाही कळलं नाही, पण बदलीचा कागद बिनचूक होता.

मग वहीची पानं उलटायला सुरुवात झाली. इंजिनाला हात लावायचा नाही, कारण वेग. पत्र्याला लावायचा नाही, कारण वर्तमानपत्रातले फोटो. आरसा आधीच्या वर्षीच गेला होता (पुढे जाणाऱ्या राष्ट्राला मागे बघायचं कारण काय, असा मुद्दा तेव्हा निघाला होता). तीन तासांनी बोट येऊन थांबलं ते पान बासष्टवर. पुढच्या ब्रेकच्या आधारपट्ट्या, नग दोन, मिळून सातशे पस्तीस ग्रॅम.

"ह्यांचं काम काय?" क्नोपसाहेब.

"ब्रेकचा मुख्य दांडा तुटला तर ह्या पट्ट्या तो धरून ठेवतात," वेंडेलिन म्हणाला.

"आणि दांडा तुटला नाही तर?"

"तर काही काम नाही."

"शर्यतीत आजवर कधी तुटलाय?"

"शर्यतीत नाही, साहेब. पण हिवाळ्यातल्या चाचणीत दोनदा..."

"चाचणीच्या अहवालात तर 'तुटला' असा शब्द नाही," ह्युल्समान चष्मा पुसत म्हणाले. खरंच नव्हता. अहवालात लिहिलं होतं, 'दांड्यानं अपेक्षेपूर्वी विश्रांती घेतली.' तो अहवाल वेंडेलिननंच आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवला होता.

क्नोपसाहेब मागे रेलले. त्यांचा युक्तिवाद नमुनेदार होता. जी वस्तू जर्मन पोलाद तुटलं तरच कामाला येते, ती गाडीत ठेवणं म्हणजे जर्मन पोलाद तुटेल असं मानणं. म्हणजे ह्या पट्ट्या नव्हेत. ही शंका आहे. सातशे पस्तीस ग्रॅम शंका, दोन नग, आणि तीही सरकारच्या पैशानं बसवलेली.

वेंडेलिननं वही मिटायला घेतली. पण बहिणीला शब्द दिला होता. तो उभा राहिला. (बैठकीत कारकुनानं उभं राहण्याची ही कारखान्यातली पहिली नोंद.)

"साहेब, ड्रायव्हरचं वजन नियमात धरत नाहीत. मग पाटी ड्रायव्हरच्या गळ्यात अडकवू या. पट्ट्या गाडीतच राहतील, आणि इच्छाशक्ती माणसाच्या छातीवर, म्हणजे योग्य जागीच."

टेबलाभोवती कौतुकाची कुजबूज झाली. ह्युल्समाननी मानही हलवली. क्नोपसाहेबांनी मात्र कपाळाला आठी घातली.

"आणि ड्रायव्हरचं काही बरंवाईट झालं तर? पाटीचं काय?"

सूचना फेटाळल्याची नोंद झाली.

वेंडेलिनचा शेवटचा डाव साधा होता. "मग काट्यावर चढवताना पट्ट्या काढू, आणि वजन झालं की परत बसवू. वीस मिनिटांचं काम आहे. कोणी बघत नाही."

 ह्युल्समान पांढरेफटक पडले.

"म्हणजे नियम मोडायचा? त्सोर्न, आपण जर्मन आहोत!"

वेंडेलिनला शरमेनं मान खाली घालावी लागली. बरोबरच होतं. गेल्या वर्षी लोहारखात्यातले चौघे, वीस-वीस वर्षं नोकरी झालेले, आजीच्या ज्यू नावावरून एका सकाळी घरी पाठवले गेले, ते नियमानंच. त्यातल्या एकाची सायकल अजून फाटकापाशी पडून होती, कारण ती हलवायचा नियम नव्हता. अशा कारखान्यात वीस मिनिटांसाठी नियम मोडायचा म्हणजे सगळ्या संस्कारांवर पाणी.

ठराव झाला. आता फक्त वेंडेलिनची सही.

शनिवारी, वजनाच्या दिवशी सकाळी, आयफेलच्या डोंगरातल्या शर्यतीच्या बावीस किलोमीटरच्या रस्त्यापाशी तंबू पडले. इंधनाला बूट पॉलिशसारखा वास यायचा, आणि लोक तो वास घ्यायला कुंपणाशी पहाटेपासून नाकं लावून उभे. वेंडेलिननं फाल्कोला गाडीमागे ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. पट्ट्या, दांडा, विश्रांती, सगळं.

फाल्को जरा वेळ हातमोज्याचं बटण लावत-काढत राहिला.

"सही केलीस?"

"अजून नाही. दाजी, मी नाहीच करत. गाडी उतरणारच नाही मग."

"वेडा आहेस. उद्या तीन लाख माणसं येणार, रेडिओ येणार. गाडी उतरली नाही तर तुला उतरवतील. आणि सही तुझ्या शेजारचा करील. त्याचं अक्षर तर वाचवतही नाही."

"मग तुम्ही नाही म्हणा ना!"

"माझ्यामागे सात जण रांगेत आहेत. सातही जण 'हो' म्हणायला घरून तालीम करून आलेत." तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "दांडा दोनदाच तुटला ना? किती चाचण्यांत?"

"अकरा."

"मग नऊदा नाही तुटला. जा, सही कर. आणि रोझीला सांगू नकोस."

वेंडेलिन तंबूत गेला. फॉर्म तयार होता, तीन प्रतींत. खाली दोन चौकोन: 'सहमत' आणि 'आनंदाने सहमत'. तिसरा चौकोन छापलेला नव्हता. (तेवढीच कागदाची बचत.) वेंडेलिननं मनातल्या मनात बेरीज मांडली.  बहीण, दिलेला शब्द, नोकरी, फाटकापाशी पडलेली ती सायकल. शेवटी त्यानं आयुष्यातलं सगळं धैर्य एकवटलं आणि फक्त 'सहमत'वर खूण केली.

क्नोपसाहेबांनी कागद पाहिला. "आनंद का नाही?"

"तब्येत बरी नाही, साहेब."

नोंद झाली. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात राजवटीला झालेला हा सर्वात तीव्र विरोध असावा.

गाडी काट्यावर चढली. सातशे एकोणपन्नास किलो नऊशे पंच्याऐंशी ग्रॅम. पांढऱ्या अंगरख्यांतल्या मेकॅनिकांनी टोप्या उडवल्या. काट्यासाठी टाळ्या वाजल्या. काट्यासाठी टाळ्या वाजवणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

रविवारी सातव्या फेरीपर्यंत फाल्को पहिला होता. आठव्या फेरीत जंगलातल्या उतारावर पुढच्या ब्रेकच्या दांड्यानं अपेक्षेपूर्वी विश्रांती घेतली. वळण डावीकडे होतं. गाडी सरळ गेली. तिथल्या दोन बीचच्या झाडांनी तिला थांबवलं. फाल्कोला नाही.

अहवाल आदर्श होता. अपघातग्रस्त गाडीचं नियमाप्रमाणे पुन्हा वजन झालं: सहाशे एकतीस किलो. म्हणजे एकशे एकोणीस किलोंनी नियमाच्या आत. इतकी हलकी गाडी आमच्या कारखान्यानं त्याआधी कधी बनवली नव्हती. पाटी शाबूत. नुसता एक ओरखडा, तोही गरुडाला नाही, 'इच्छाशक्ती'च्या शेवटच्या अक्षराला. ती पुसून आठवड्याभरात दुसऱ्या गाडीला बसवली. पाटी ड्रायव्हरच्या गळ्यात नव्हती हे किती बरं झालं, असं क्नोपसाहेब अंत्ययात्रेतल्या भाषणात म्हणाले. ढोल वाजले. डावीकडे तीनशे, उजवीकडे तीनशे हात वर झाले.

वेंडेलिननं बहिणीला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. मधे पाणी प्यायलाही थांबला नाही. ती टेबलाशी बसून होती.

"त्या पट्ट्यांचं वजन किती होतं रे?"

"सातशे पस्तीस ग्रॅम."

"म्हणजे किती?"

तो विचारात पडला. त्याचं कामच ते. "मध्यम आकाराचे सहा बटाटे," तो म्हणाला.

तिनं उठून दार उघडलं आणि ते तसंच उघडं धरून उभी राहिली, तो बाहेर जाईपर्यंत. त्यानंतर तिनं त्याला घरात घेतलं नाही. कारखान्यानं मात्र घेतलं: दुसरा कारकून, पगारात वाढ. तीन आठवडे तो नव्या खुर्चीवर बसला. मग एका सोमवारी आलाच नाही. कपाटात वही नीट लावलेली होती आणि पान बासष्ट फाडलेलं. (सव्वा दोन ग्रॅम. वही त्याप्रमाणे दुरुस्त केली.)

आता खरं सांगा. गाडी झाडाला आदळली तिथपासून तुमच्या मनात एक प्रश्न घोळतोय. मग शर्यत जिंकलं कोण?

आपलीच दुसरी गाडी. बत्तीस सेकंदांनी.

बरं वाटलं ना? वजन विभागात एक जागा रिकामी आहे. अर्ज तीन प्रतींत आणा. चौकोन दोनच आहेत.