मधुभाऊंचा पिवळा दिवा

मधुभाऊ काळबांड्यांबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी त्यांचा विषय काढला की मी एक-दोन गमतीचे किस्से सांगतो, लोक हसतात, तेवढ्यात चहा येतो आणि पुढचा किस्सा राहून जातो. तो मी मुद्दामच राहू देतो. आज चहा पिऊन मगच लिहायला बसलो आहे, त्यामुळे ती सबब उरलेली नाही.

नेहमीचा किस्सा असा. ऐन उन्हाळ्यात आम्ही बोरी अरबला एका लग्नाला निघालो होतो. मधुभाऊंची लालभडक गाडी, स्टिअरिंगवर स्वतः मधुभाऊ, शेजारी त्यांच्या पत्नी सुमनवहिनी, मागे मी आणि माझी बायको. एकाएकी स्टिअरिंगमागच्या वेगाच्या काट्यांच्या चौकटीत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

"सावधान," मधुभाऊ म्हणाले.

गाडी एका बाभळीखाली थांबली. आम्ही उतरून रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिलो. वहिनी तर हुकूम यायच्या आधीच उतरल्या होत्या, कारण त्यांचं लक्ष सारखं त्या दिव्याकडेच असायचं. मधुभाऊंनी स्टिअरिंगखाली बिघाड वाचायचं एक छोटं यंत्र खोचलं, मोबाइलवर काहीतरी वाचलं, गाडीला हळूच "हं, समजलं" म्हणाले आणि बटण दाबलं. दिवा विझला.

"विश्राम."

मग आम्ही पुन्हा बसलो. पुढच्या नाल्याशी पुन्हा सावधान झालं. मांडवात पोचलो तेव्हा नवरदेव जेवून हात धूत होता. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "येतानी आपण यष्टीनं येऊ."

मधुभाऊ शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर गळ्यातली शिट्टी गेली, पण हुकूम राहिले. निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात, गुडघे बदलतात. यांनी नागपूरहून एक जुनी रेसची गाडी आणली. ती जात्याच जोरकस होती, त्यावर मधुभाऊंनी तिच्या इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून घेतला आणि सायलेन्सरच्या पोटातलं सगळं काढून टाकलं. आवाज असा की मारुतीच्या देवळातली घंटा आपोआप हलावी. पिवळा दिवा लागायला लागला तो तेव्हापासून.

लोहाऱ्याच्या गॅरेजवाल्यानं माझ्यासमोर सरळ सांगितलं होतं, "सर, धूर गाळाचा डबा काढला न तुमी, म्हणून ते सेन्सर बोंबलून राह्यलं. जुना सायलेन्सर बसवा, दिवा जाते."

"मंग आवाज?"

"आवाजबी जाईन."

"मंग राहू दे," मधुभाऊ म्हणाले.

या वयात माणसाला आवाजाची एवढी हौस काय, याचा मी पुष्कळ विचार केला. दुपारी झोपमोड झाल्यावर विचार करायला वेळ असतोच. ते आमच्या शेजारीच राहायचे; घरी आले की फाटकाशी गाडी थांबवून दोनदा जोरात रेस करायचे. आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. मग वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायच्या आणि मगच इंजिन बंद व्हायचं. गल्लीत त्यांना 'लाल म्हसोबा' म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं.

वहिनींबद्दलही आमचं मत बरं नव्हतं. पाठीमागून हाक मारली तर त्या ओ देत नसत. माझी बायको म्हणायची, "गाडी आली अन् मान वर झाली."

दिव्यावरून मी चिडवलं की मधुभाऊंचं उत्तर ठरलेलं असे. "लाइट लागला म्हणजे तिले काई सांगाचं हाय. ज्याले तोंडानं बोलता येत नाही, त्याच्यासाठी आपुन थांबाव लागते, फोरमनसाहेब."

फोरमनसाहेब म्हणजे मी. माझी सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेली, त्यामुळे जगातल्या कोणत्याही दिव्यावर माझा हक्क आहे असं मला वाटे. रात्रपाळीत पॅनेलवरचा एखादा लाल दिवा उगाच लागून राहिला तर मी त्याचा बल्ब फिरवून काढायचो, खिशात टाकायचो आणि डोकं टेकायचो. सकाळी निघताना परत बसवायचो. कधी काही बिघडलं नाही. याला मी अनुभव म्हणत असे.

एकदा मधुभाऊंनी गाडी माझ्या अंगणात आणून लावली. वेगाच्या काट्यामागचा उजेड गेला होता. "एवढं पाह्य बरं. हे तुयं खातं हाय." ते चहाला आत गेले. मी काट्यांची चौकट काढली, मागचा गेलेला बल्ब बदलला. त्याच्या बाजूलाच त्या पिवळ्या दिव्याचा बल्ब होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती आणि आम्ही चौघं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाणार होतो. मला तो रस्ता डोळ्यांसमोर दिसला, त्यावरचं ऊन दिसलं, आणि त्या उन्हात सावधानमध्ये उभा असलेला मी दिसलो. बोटांनी जुन्या सवयीनं आपलं काम केलं. बल्ब खिशात गेला.

मधुभाऊ बाहेर आले, चावी फिरवली. पिवळा दिवा लागला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय केलं तू?"

"वायरिंग लूज होतं. घट्ट केलं."

"पण चावी फिरवली की पह्यले सारेच लाइट लागते. हा काहून लागून नाही राह्यला?"

"दुरुस्त झाला म्हणून," मी म्हणालो.

अशा उत्तराला पेढे मिळतील असं वाटलं नव्हतं. पण मिळाले. सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना मधुभाऊंनी सांगितलं, "नागपूरवाल्याले जमलं नाही ते आपल्या फोरमननं केलं." मी मान खाली घालून पेढा खाल्ला. लोकांना तो विनय वाटला. कोणी जास्तच विचारलं तेव्हा मी त्यांना अर्थिंगवर थोडं भाषणही दिलं.

पुढे काही महिने प्रवास सुखाचे झाले. मग एका चतुर्थीला मधुभाऊ आणि वहिनी दोघंच कळंबला गेले. परत येताना गाडी थरथरायला लागली. मधुभाऊंनी काट्यांकडे पाहिलं, पिवळा दिवा नव्हता. प्रत्येक दिव्याला थांबणारा तो माणूस त्या दिवशी थांबला नाही, कारण दिवा मी दुरुस्त केला होता. यवतमाळच्या अलीकडे इंजिनानं आचका दिला आणि ते कायमचं अडकलं.

गॅरेजमध्ये मी त्यांच्यासोबत गेलो होतो. गॅरेजवाला म्हणाला, "पिस्टन वितळला, सर. असं व्हायच्या आंधी तो पिवळा लाइट उघडझाप करते. तुमचा नाही लागला?"

"नाही लागला," मधुभाऊ म्हणाले.

तिथे बोलायला पुष्कळ जागा होती. मी त्यांची पाण्याची बाटली हातात धरून उभा राहिलो. मग गॅरेजवाल्यानं त्यांना गाडीशी बोलावलं, तेव्हा मी चहा सांगायला म्हणून बाहेर पडलो. बल्ब घरी माझ्या सुपारीच्या डबीत होता.

नवं इंजिन परवडणारं नव्हतं. गाडी भंगारात गेली आणि मधुभाऊंनी बॅटरीची स्कूटर घेतली. तिला आवाज म्हणून नव्हता. गल्ली खूश झाली. दुपारी आता तावदानं हलत नव्हती, पण झोप मात्र काही केल्या येईना.

थोड्या दिवसांनी शेजारच्या स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आणि वहिनींच्या किंचाळण्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी मधुभाऊ माझ्याकडे आले.

"फोरमनसाहेब, एक काम हाय. फाटकावर बटन लाव अन् सैपाकघरात ओट्यावर लाइट. बटन दाबलं की लागला पायजे."

"लाइट कायले? घंटी लावतो न, चांगली ठणठणीत."

ते माझ्या चपलांकडे पाहत म्हणाले, "तिले ऐकू येत नाही रे. कवाचं कमी होत आलं होतं, मंग पुरंच गेलं. कोणाले सांगू नका म्हणे, लोक बहिरी म्हणतीन. गाडीचं तेवढं तिले फरशीतून समजे. दोनदा रेस केली का ते तांब्या घेऊन येई. आता मी मांगं जाऊन उभा राह्यतो अन् ते दचकते. काल तेलाची कढई सांडली. पाय थोडक्यात वाचला."

मी स्टुलावर चढलो. खाली वहिनी तुरीची डाळ निवडत होत्या. मधुभाऊंनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं. होल्डरचे स्क्रू पिळताना मी मनात वाक्य जुळवलं आणि सुरुवातही केली, "मधुभाऊ, तुमच्या त्या गाडीचा..."

"हं," ते म्हणाले. "यात बल्ब टाकजो मात्र."

मी खाली पाहिलं. ते वर पाहत नव्हते. गॅरेजवाल्यानं त्यांना जवळ बोलावून काय दाखवलं होतं, हे मला त्या स्टुलावर समजलं. त्यानंतरही ते माझ्याकडेच आले होते. इलेक्ट्रिशियन काय गावात थोडे होते?

मी बल्ब टाकला. दोनदा घट्ट फिरवून पाहिला.

मधुभाऊ फाटकाशी गेले. ओट्यावर दिवा लागला. वहिनींनी मान वर केली, पदराला हात पुसले, तांब्या भरला आणि बाहेर गेल्या. फाटकाकडून आवाज आला, "विश्राम."

मी स्टूल जागेवर ठेवलं आणि घरी गेलो. नंतर ते आजारी पडले, तेव्हा तो हरभऱ्याएवढा बल्ब खिशात घालून दवाखान्यात गेलो. त्यांनी मला पावसाचं विचारलं, मी पावसाचं सांगितलं, आणि बल्ब परत घेऊन आलो. पुढच्या आठवड्यात ते गेले.

आता सकाळी शेजारी पेपर द्यायला मी जातो. बटण दाबतो, आत दिवा लागतो, वहिनी येतात. "तुमचा लाइट एकदाही गेला नाही, भाऊजी," त्या म्हणतात. तो जात नाही, कारण मी दर दिवाळीला चांगला असतानाच बदलतो. ओठांवरून त्यांना थोडंफार समजतं, म्हणून पुढचं मी मनातच म्हणतो, ओठ हलवत नाही.

मधुभाऊ, तो बल्ब मी काढला होता. उन्हात उभं राहायचा कंटाळा आला होता, याहून मोठं कारण नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, हे मला ठाऊक आहे. तरी ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. माझं चुकलं.