श्रीखंडाच्या फडक्याची तपासणी

जून महिन्यातल्या त्या शुक्रवारी मी आमच्या विभागासमोर उभा राहून जगाला सांगणार होतो, की भोकराचा चीक शरीराच्या रक्षक पेशींना कामाला लावतो. भोकर म्हणजे तेच, लोणच्यातलं. हाताला लागलं की तीन दिवस सुटत नाही ते. त्या चिकटपणात लांबच लांब साखळ्यांची एक शर्करा असते. ती मी वेगळी काढून उंदराच्या पेशींना पाजली होती.

थोडं शास्त्र सांगतो. घाबरू नका, मलाही एवढंच येतं. या रक्षक पेशी एरवी शांत असतात. थोडी साखर घ्यायची, सावकाश जाळायची, पडून राहायचं. पण धोक्याचा वास आला की त्या साखर बकाबका खातात, अर्धवट जाळतात आणि आम्ल टाकत सुटतात. मग त्यांच्याभोवतीचं गुलाबी द्रावण पिवळं पडतं. माझ्या पेशींना भोकर मिळालं आणि द्रावण असं पिवळं झालं, की जणू सगळ्यांची हळद एकाच मांडवात! तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा पिवळं. सत्काराला कुठला शर्ट घालायचा इथपर्यंत मी पोचलो होतो.

माझे गाईड श्रीधर सर. त्यांनी पाहिलं आणि "हं" म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेत "हं" हा जीवनगौरव पुरस्कार आहे.

मग त्यांनी तोच प्रयोग उत्कर्षाला करायला सांगितला. ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते, आणि तिचे हात इतके स्वच्छ असतात की साबणाला न्यूनगंड यावा. तिने भोकरं आणली, शर्करा काढली, पेशींना दिली. द्रावण गुलाबी. दुसऱ्या दिवशीही गुलाबीच.

"तुझ्या पेशी आळशी आहेत," मी म्हणालो.

"एकाच बाटलीतल्या आहेत. अर्ध्या तुझ्या, अर्ध्या माझ्या."

सरांनी दोन्ही थाळ्या पाहिल्या. "समाधानराव, आपण नेमकं काय वेगळं करता?"

सर मला 'आपण' म्हणाले की मला येरवड्याच्या तुरुंगाची भिंत दिसायला लागते.

"सर, लॅबचं फिल्टर भोकराने तुंबतं. म्हणून गाळायचं काम मी घरी करतो."

"कशातून?"

"आईच्या फडक्यातून."

"कसलं फडकं?"

"चक्का बांधायचं."

उत्कर्षाने आपली थाळी माझ्या थाळीपासून हातभर लांब सरकवली.

इथे आईबद्दल सांगायला हवं. विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीत बारसं असो की साखरपुडा, श्रीखंड ललिताताईंचंच, म्हणजे आईचं. ते मलमलचं फडकं ती प्रत्येक वेळी उकळते, कडक उन्हात वाळवते आणि कपाटात दागिन्यांच्या वरच्या खणात ठेवते. "शास्त्रासाठी हवंय" एवढ्या एका वाक्यावर ते मला मिळालं होतं. आणि येत्या रविवारी समोरच्या वेणूबाईंच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. ऐंशी पानं!

"त्या फडक्यातून नुसतं पाणी गाळा," सर म्हणाले. "भोकर नको. तेच पेशींना द्या."

घरी गेलो, भोकरासाठी वापरतो तेच, गॅलरीतल्या कॅनमधलं लॅबचं शुद्ध पाणी घेतलं, गाळलं, उकळलं, आणून पेशींना दिलं. पिवळं! भोकर नसताना, भोकरापेक्षा जास्त पिवळं!

"अभिनंदन," सर म्हणाले. "आपण फडक्याचे औषधी गुणधर्म शोधलेत."

उत्कर्षाने मला समजावलं. जंतू उकळून मरतात, पण काही जंतूंच्या अंगावरचं विष उकळूनही जात नाही. ते कणभर दिसलं तरी पेशी खवळतात. माझ्या पेशी भोकराला नव्हे, त्या विषाला खवळल्या होत्या.

बुधवारी संध्याकाळी मी हे आईला अत्यंत नाजूकपणे सांगितलं.

"आई, तुझ्या फडक्यावर जंतू आहेत."

"माझ्या फडक्यावर?"

"मेलेले आहेत गं."

"अरे, मी दर वेळी उकळते!"

"म्हणून तर मेलेत."

"मेले ना? मग झालं!"

"नाही ना. ते गेले, पण त्यांचं सामान राहिलंय."

हा संवाद दार उघडं ठेवून झाला. समोरचं दार वेणूबाईंचं. दहाव्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज: "रविवारी गोडात श्रीखंडाऐवजी गुलाबजाम ठेवले तर? सहज विचारते." चौथ्या मजल्यावरून उत्तर आलं: "मागच्या साखरपुड्यानंतर ह्यांचं पोट बिघडलं होतं. तेव्हा बोलले नाही." तो साखरपुडा दोन वर्षांपूर्वीचा होता. त्या जोडप्याचं मूल आता चालतं. पाठोपाठ सात जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, जणू श्रीखंड निवर्तलं.

आईने फोन उपडा ठेवला. वीस वर्षांत तिच्या श्रीखंडाला कुणी "पण" म्हटलं नव्हतं.

"उद्या मी तुझ्या लॅबमध्ये येणार," ती म्हणाली. "माझ्यासमोर तपासा."

गुरुवारी ती आली. ठेवणीतली साडी, हातात स्टीलचा डबा, डब्यात फडकं.

"अहो सर, मी समाधानची आई. हे फडकं. बघा काय निघतंय ते."

सर खुर्चीतून उठले. मागे एकदा आग लागल्याची घंटा वाजली होती, तेव्हा सर बसूनच होते.

उत्कर्षाने लॅबच्या ताज्या पाण्यात फडकं भिजवलं, ते पाणी एका छोट्या नळीत औषधात मिसळलं आणि नळी उबेला ठेवली. "काकू, विष असेल तर तासाभरात हे घट्ट होईल. मग नळी उलटी केली तरी पडणार नाही. नसेल तर पडेल."

"म्हणजे विरजणच की," आई म्हणाली.

"हो... तसंच साधारण."

"मग नळीला धक्का लावू नका. लागत नाही नाहीतर."

"मी याला चार वर्षं हेच सांगतोय," सर म्हणाले.

आई तासभर त्या नळीसमोर स्टुलावर बसली. मी दोनदा चहा विचारला. दोन्ही वेळा तिने माझ्याकडे मी जंतू असल्यासारखं पाहिलं.

तास झाला. उत्कर्षाने नळी उलटी केली. पाणी घळकन खाली!

"नाही लागलं!" आई उभी राहिली. "बघितलंत? नाही लागलं!"

"मग माझं द्रावण पिवळं कशाने झालं?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारायला नको होता.

आई सावकाश वळली. "तू पाणी कुठलं घेतलंस?"

"लॅबचंच. शुद्ध. कॅनमधलं."

"गॅलरीतला तो निळा कॅन? अरे, तो मार्चपासून उन्हात आहे!" मग सरांकडे पाहून म्हणाली, "आतून बुळबुळीत झालाय, धुऊन ठेवते म्हटलं. तर म्हणाला, हात लावू नकोस, ते शास्त्र आहे."

सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग मला पाहिलं. मग पुन्हा कॅलेंडर. त्यांना बहुधा कॅलेंडर बरं वाटलं.

मी स्कूटरवरून घरी जाऊन कॅन घेऊन आलो. पुन्हा नळी, पुन्हा तासभर. या वेळी सरांनी स्वतः नळी उलटी केली. हलवली. टेबलावर आपटली. थेंब हलला नाही.

"कवडीदार," आई म्हणाली. पहिल्यांदाच माझ्या एखाद्या कामाचं तिने कौतुक केलं.

शुक्रवारी मी विभागासमोर उभा राहिलो आणि पाणी ताजं वापरण्याच्या महत्त्वावर वीस मिनिटं बोललो. भोकराबद्दल अद्याप कुणालाच काही माहीत नाही. भोकरालाही नसावं.

आईचं मात्र तेवढ्याने भागणार नव्हतं. गुरुवारी निघताना ती सरांना म्हणाली होती, "लिहून द्या." आणि सरांनी, ज्यांनी माझ्या शिफारसपत्रावर सही करायला पाच महिने घेतले, पाच मिनिटांत विभागाच्या कागदावर अहवाल दिला. त्याचा फोटो ग्रुपवर गेला. वेणूबाईंनी लिहिलं, "अगं, मी सहज विचारलं होतं!" रविवारी ऐंशी पानं उठली, श्रीखंडाचं पातेलं पुसून निघालं. चौथ्या मजल्यावरच्या 'ह्यांनी' तीनदा मागून घेतलं.

तो अहवाल आता आमच्या स्वयंपाकघरात चौकटीत लावलाय. वर तारीख, खाली सरांची आणि उत्कर्षाची सही. माझंही नाव आहे त्यात, छापील. "दूषिततेचा स्रोत" या रकान्यात.